मोटारीचा हिरवा रंग

विहिरी आटल्या की माझ्या घरातले डबे रिकामे होतात, हे लोकांना पटवता पटवता माझी जीभ झिजली. लोक म्हणतात, तुम्हाला ना शेत ना गुरं, तुम्हाला कसला आलाय दुष्काळ. अहो, विहिरीत पाणी नाही तर मोटार चालणार कशी? चालली नाही तर जळणार कशी? आणि मोटार जळली नाही तर आमच्या दारात येणार कोण?

मिस्त्री म्हणजे माझे मालक. सगळं गाव त्यांना मिस्त्री म्हणतं, मीही तेच म्हणते. जळालेली मोटार उघडायची, आतली काळी पडलेली तार उपसून काढायची, नवी तार वेढ्यावर वेढे घालून भरायची, वार्निश पाजायचं आणि उन्हात वाळवायची, हा त्यांचा जन्माचा धंदा. तार ओढून ओढून त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांना खाचा पडल्यात. चांगल्या साली अंगणात मोटारी अशा पडलेल्या असायच्या की नळाकडे जायला वाट नसायची, मी रोज कुठल्या तरी मोटारीला ठेच लागून शिव्या घालायची. यंदा अंगण झाडून लख्ख. मिस्त्री सकाळी उठून पक्कड, पाने, हातोडी पुसून ओळीने मांडायचे आणि संध्याकाळी तशीच उचलून ठेवायचे.

मुलगा बोअरच्या गाडीवर कामाला. त्याचं बरं होतं, जितका दुष्काळ तितकी त्याची गाडी फिरणार. पण तो महिनोन् महिने बाहेर. घरात आम्ही दोघं आणि सून. सून पहाटेच्या ट्रकमध्ये बसून पॅकिंगच्या शेडवर जायची. तिथे दिवसभर उभं राहून औषधाच्या पाण्यात भाज्या धुवायच्या, पुसायच्या, खोक्यात भरायच्या. त्या पाण्याने तिच्या बोटांची सालं निघायची. जेवताना मीठ लागलं की हात झटकायची आणि काही झालंच नाही असं दाखवायची. मी तेल लावून द्यायला गेले की म्हणायची, "राहू द्या आई, उद्या पुन्हा त्याच पाण्यात घालायचेत."

लग्नाआधी ती कॉम्प्युटर शिकलेली. चांगली दोन वर्षं शिकलेली, पहिली आलेली. आमच्या घरात येऊन त्या शिकण्याची माती झाली, हे मला कळत होतं. पण कळून काय करायचं? घरात कॉम्प्युटर नाही आणि गावात त्याची नोकरी नाही.

तर अशात एका दुपारी सोसायटीचे चेअरमन टेम्पो घेऊन आमच्या अंगणात आले. टेम्पोत कॉम्प्युटर भरलेले. म्हणजे भरलेले कसे, तर कचरा भरतात तसे. एकावर एक डबे, मधे कोंबलेल्या वायरी, पडदे फुटू नयेत म्हणून लावलेली पोती.

"मिस्त्री, शहरातल्या मोठ्या कंपनीने गावाला दान दिलंय," चेअरमन म्हणाले. "त्यांनी नवे घेतले, जुने आपल्याला दिले. आहेत जुने, पण एक नंबर माल आहे."

"एक नंबर आहे तर माझ्याकडे कशाला आणलात?" मिस्त्रींनी विचारलं.

चेअरमन मोठ्याने हसले. या माणसाचं हसू मला कधी आवडलं नाही. समोरच्याचं बोलणं संपवायला तो हसतो.

"असतील काही बंद. तुम्ही बघा. गोदामाशेजारची खताची खोली मी रिकामी करून देतो, तिथे मांडू. पोरं शिकतील, बायका शिकतील. सातबारा म्हणा, अर्ज म्हणा, सगळं आता कॉम्प्युटरवरच. आणि शिकवायला कोण, तर तुमची सून. पगारावर. माझा शब्द."

"आणि जी चालणारच नाहीत ती?"

"त्यांचं सामान काढून दुसऱ्यांना लावा. मला चालणारी पाहिजेत. बाकीच्यांचं काय ते तुम्ही बघा."

हे वाक्य त्यांनी माझ्यासमोर म्हटलं. मी चहाच्या कपांचा ट्रे घेऊन उंबऱ्यात उभी होते. त्यांनी कप उचलला, फुंकर मारली आणि हे वाक्य म्हटलं. माझे कान काही फुटलेले नाहीत.

संध्याकाळी सून ट्रकमधून उतरली, अंगणात आली आणि तिथेच थांबली. डबा हातात, ओढणी डोक्याला बांधलेली. मग खाली बसून तिने एका डब्यावरची धूळ हाताने पुसली. मी म्हटलं, "अगं, आधी हातपाय धू." तिला ऐकूच गेलं नाही. मिस्त्रींनी पगाराचं सांगितलं तेव्हा मात्र तिने वर बघितलं. "खरंच म्हणाले ते, बाबा?" तिने विचारलं. मिस्त्री म्हणाले, "शब्द दिलाय." तिने माझ्याकडे बघितलं. मीही मान हलवली. त्या घटकेला मला वाटलं होतं की हिची शेड सुटली.

दुसऱ्या दिवसापासून आमचं अंगण पुन्हा भरलं. मिस्त्री एकेक डबा उघडायचे. आत काय नव्हतं ते विचारा. वाळलेली पाल, झुरळांची अंडी, बोटभर जाडीची मऊ धूळ. मिस्त्री तोंडाला फडकं बांधून भात्याने धूळ उडवायचे आणि ती सगळी माझ्या वाळत घातलेल्या धुण्यावर. एका पडद्याच्या कडेला चिठ्ठी चिकटवलेली, "सोमवारी साहेबांना रजेचं विचारणे." मिळाली की नाही रजा, देव जाणे. कीबोर्डांच्या फटीत बिस्किटांचा चुरा, केस, नखं. परक्या माणसांच्या बोटांचा मळ सगळ्या अक्षरांवर बसलेला. सुनेने मला बटणं काढायला शिकवलं. बटणं उपसायची, सोड्याच्या पाण्यात भिजवायची, ब्रशने घासायची. टँकर दोन दिवसांआड यायचा तेव्हाची गोष्ट ही. मी माझ्या आंघोळीच्या पाण्यात ती बटणं धुतली. शेजारीण बघायला आली आणि म्हणाली, "काय हो, डाळ धुताय का?" मी म्हटलं, "हो, शिजली की वाटीभर देते."

निम्मी यंत्रं मेलेली होती. काहींच्या आतली डिस्कच काढून घेतलेली. त्यात कंपनीचं गुपित असतं म्हणे. सून शेडवरून आली की दिव्याखाली बसायची. याचं पट्टीसारखं सामान काढून त्याला लाव, त्याचा पंखा याला. मिस्त्रींना कॉम्प्युटरमधलं काही कळत नव्हतं, पण एके दिवशी त्यांनी डब्याच्या आतल्या एका पाटीवर बोट ठेवलं. "हा कंडेन्सर फुगलाय. मोटारीचा फुगतो तसाच." सुनेने बघितलं. "बाबा, खरंच की." मग दोघांनी मिळून फुगलेले कंडेन्सर काढले आणि मेलेल्या यंत्रांतले चांगले काढून तिथे डाग देऊन बसवले. ज्या डब्यांतलं सामान संपलं त्यांची सालपटं अंगणाच्या कोपऱ्यात रचत गेलो. तो ढीग पडदीच्या वर जाईल एवढा झाला. झाकून ठेवावा असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. चोरी केली असती तर झाकला असता.

जिवंत झालेल्या यंत्रांवर तिने पेनड्राइव्हमधून काहीतरी चढवलं. पडद्यावर मराठी अक्षरं आली. मी म्हटलं, "हे कितीला आणलंस?"

"फुकट आहे, आई."

"फुकट कोण देतं? नंतर मागायला येतील."

"नाही येत. जगभरच्या लोकांनी मिळून केलंय. ज्याला जे येतं ते तो करतो आणि सगळ्यांसाठी उघडं ठेवतो. आत काय कसं केलंय तेही बघता येतं. बदलावंसं वाटलं तर बदलता येतं. जुन्या मशीनवर सुद्धा पळतं. विकतचं यावर धापा टाकेल."

मिस्त्री तार सरळ करत बसले होते. त्यांनी हात थांबवला. "म्हणजे मोटार देतानाच आत किती वेढे घातलेत ते सांगून टाकायचं?"

"हो बाबा. अगदी तसंच."

"मी माझे वेढे सख्ख्या भावाला नाही सांगितले," मिस्त्री म्हणाले. आमच्या धंद्यात वेढे कुणी सांगत नाही. कुठल्या मोटारीला किती, हे ज्याचं त्याच्या डोक्यात. तो त्याचा ठेवा. मिस्त्री पुन्हा तार सरळ करायला लागले. रात्री जेवताना एकदम म्हणाले, "वेडी माणसं असतील. पण चांगली असतील." सून हसली. तिने सांगितलं की मराठी अक्षरांत दोन-तीन ठिकाणी चुका होत्या, त्या तिने दुरुस्त करून पाठवल्या आणि त्या लोकांनी घेतल्या. तिच्या नावासकट घेतल्या. हे ती मला दाखवत होती तेव्हा तिच्या सोललेल्या बोटाखाली पडद्यावर तिचं नाव होतं. मला फार काही कळलं नाही, पण घरात पहिल्यांदा कुणाचं तरी नाव असं छापलेलं बघितलं आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, अभिमान वाटला.

आता मिस्त्रींची रीत सांगते, कारण सगळं घोडं तिथेच अडलं. दुरुस्त केलेली कुठलीही वस्तू ते रंग लावल्याशिवाय दाराबाहेर जाऊ देत नाहीत. आत नवी तार भरली ते गिऱ्हाइकाला दिसत नाही. बाहेरून तीच गंजकी मोटार दिसली की तो म्हणतो, यात तुम्ही केलं काय? म्हणून मोटार कानशीने घासायची, त्यावरचं जुनं लिहिलेलं, चिकटलेलं सगळं खरवडायचं आणि हिरवा रंग मारायचा. आसपासच्या कुठल्याही विहिरीवर जा, हिरवी मोटार दिसली की ओळखायचं, ही आमच्या अंगणातून गेली.

सून शेडवर गेली होती त्या दिवशी मिस्त्रींनी रंगाचा डबा उघडला. कॉम्प्युटरचे सगळे पत्रे उतरवून अंगणात मांडले. प्रत्येकावर कंपनीची दोन स्टिकरं होती, एकावर चिन्ह, दुसऱ्यावर काळ्या रेघा आणि आकडे. कळकट, कडा उचललेल्या. मिस्त्रींनी रॉकेल लावून ती पात्याने सोलली. मी गोळा करून बंबात घातली, चांगली पेटतात. मग दोघांनी रंग लावला. कितीतरी महिने झाले होते मिस्त्रींनी ब्रश धरल्याला. इतकं मन लावून रंगवत होते की मी चहा दोनदा गरम केला.

सून आली, बघितलं, आणि पोट धरून हसली. "बाबा, अहो मोटारी केल्यात तुम्ही यांच्या."

"वाईट दिसतं का?"

"नाही. आता आपले वाटतात."

तिलाही ती स्टिकरं आठवली नाहीत, हे लक्षात ठेवा. ती शिकलेली होती, तरी आमच्याच घरातली झाली होती.

खताची खोली तिने आणि मी झाडली. भिंतींना चुना दिला, तरी युरियाचा वास गेला नाही. यंत्रं मांडली. उद्घाटनाआधीच शेडवरच्या बायका संध्याकाळी येऊन डोकावायला लागल्या. एकीने स्वतःचं नाव लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. दुसरी नवऱ्याचं नाव लिहून म्हणाली, "आता याला पुसू का?" आणि सगळ्या खिदळल्या. सून त्यांच्या पाठीमागे उभी राहून सांगायची, "घाबरू नका, मोडत नाही. मोडलं तर आपण दुरुस्त करू." शेडच्या मुकादमाला तिने सांगून टाकलं की पुढच्या महिन्यापासून मी येणार नाही.

मग उद्घाटनाला दान देणाऱ्या कंपनीच्या मॅडम आल्या. बरोबर चेअरमन, फोटोवाला आणि एक कापडी फलक: "टाकाऊ नाही, उपयोगी." मॅडम स्वभावाने वाईट नव्हत्या. मला काकू म्हणाल्या, पाणी मागून प्यायल्या. खोलीत आल्या आणि हिरव्या डब्यांकडे बघत राहिल्या.

"आमची मशीन कुठली?" त्यांनी विचारलं.

"हीच की," मिस्त्री म्हणाले. नवा सदरा घातला होता त्यांनी.

मॅडमनी एक डबा फिरवून मागून बघितला, मग दुसरा. "यावर आमचं चिन्ह होतं. नंबर होते. मला प्रत्येक नंबरचा फोटो घ्यायचाय. त्याशिवाय दान पोचलं असं धरत नाहीत."

"ती स्टिकरं खराब झाली होती, मॅडम. काढून रंग दिला. आतून सगळी नीट केलीत." मिस्त्री उत्साहाने पुढे झाले आणि एक चालू करून दाखवायला लागले. फोटोवाल्याने कॅमेरा खाली घेतला.

"काढलेली स्टिकर आहेत का?"

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "बंबात घातली."

मॅडम सुनेच्या यंत्रासमोर बसल्या, दोन बटणं दाबली. "अरे, तुम्ही ओपन सोर्स टाकलंय. आम्ही सगळीकडे हेच सांगतो." चेहरा उजळला त्यांचा, पण लगेच त्या म्हणाल्या, "फक्त ही आमची मशीन आहेत हे मी वरती कसं दाखवू? आणि पाठवली होती त्याच्या निम्मीच दिसताहेत इथे."

सून म्हणाली, "बाकीची बंद होती, मॅडम. त्यांचे भाग काढून ही केली. सांगाडे घरी आहेत, दाखवते."

बिचारीला वाटलं, दाखवलं की संपलं. सगळी वरात आमच्या अंगणात आली. मॅडम त्या ढिगाभोवती फिरल्या. उघडे डबे, आतडी काढल्यासारख्या वायरी. फोटोवाल्याने फोटो काढले. दिवसभरात त्याने मन लावून काढलेले फोटो तेवढेच.

"आमच्या कागदांवर सगळी चालू आहेत असं लिहिलंय," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या.

मी म्हटलं, "कागदांवर असतील. आतून पाली निघाल्या. आणि चेअरमननी सांगितलं होतं, मेलेल्यांचं सामान काढून लावा. काय हो चेअरमन, माझ्या हातचा चहा पिताना म्हणालात ना?"

चेअरमननी माझ्याकडे बघितलंही नाही. मॅडमना म्हणाले, "दुसऱ्याची वस्तू मोडायला मी कशाला सांगेन? मी म्हटलं, पुसून ठेवा. मिस्त्री साधा माणूस आहे, पण सध्या धंदा बसलाय त्याचा. मोहात पडतो माणूस. मी बघतो काय ते."

मिस्त्रींचा हात नव्या सदऱ्याच्या बटणाशी होता. तो तिथेच राहिला. चाळीस वर्षं लोकांच्या मोटारी या अंगणात उघड्यावर पडल्या, कुणाचा एक नट इकडचा तिकडे झाला नाही. आणि तो माणूस माझ्या अंगणात उभा राहून म्हणाला, मोहात पडतो. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी नको नको ते बोलले. सून मला दंडाला धरून आत घेऊन गेली.

मग चेअरमननी पोलीस चौकीत सामान चोरल्याची तक्रार दिली, स्वतःचे हात वर करायला. मिस्त्रींना रोज बोलवायचे. आत कुणी घ्यायचं नाही, नुसतं बाहेरच्या बाकावर बसवायचं. येणारे जाणारे बघायचे. एक जण म्हणाला, "काय मिस्त्री, मोटार बसवताय का चौकीची?" मिस्त्रींनी हे मला घरी येऊन सांगितलं, हसायला म्हणून सांगितलं, आणि जेवण अर्ध्यावर टाकून उठले. एक मोटार आली होती दुरुस्तीला, ती मालक येऊन परत घेऊन गेला. दुरुस्त व्हायच्या आत उचलून नेली.

खोलीची किल्ली चेअरमनच्या पुतण्याकडे गेली. कंपनीला जबाबदार माणूस हवा म्हणे. पगारही त्याच्याकडे. सून मुकादमाकडे गेली, म्हणाली, येते पुन्हा. त्याने तिला भाज्यांवरून काढून क्रेट धुण्याच्या हौदावर टाकली, जिथे औषध सगळ्यात कडक. सोडून जायची भाषा केल्याची शिक्षा.

पुतण्याला सुनेची सिस्टिम चालेना. म्हणाला, हे फुकटातलं लोकांना दाखवायला बरं दिसत नाही. त्याने कुठून तरी विकतच्याची चोरलेली कॉपी आणली आणि सगळं पुसून ती चढवली. बायकांनी लिहिलेलं सगळं गेलं. आणि यंत्रं बसली धापा टाकत. सुरू व्हायलाच एवढा वेळ की पोरं बाहेर खेळून यायची. मग कसलासा रोग शिरला आणि एकेक बंद पडलं. पुतण्याने कुलूप लावलं. लोक म्हणायला लागले, मिस्त्रीने भंगार भरलं होतं आत, वरून रंग दिला. त्या रंगाने आमचं तोंडच काळं केलं म्हणायचं.

एका संध्याकाळी चेअरमन पुन्हा आमच्या अंगणात. या वेळी टेम्पो नाही, चालत. सून हौदावरून येऊन हातांना तेल लावत बसली होती.

"उद्या कंपनीच्या मॅडम येताहेत," ते म्हणाले. "नवी स्टिकरं पाठवलीत त्यांनी, मोठी. व्हिडिओ काढणार आहेत. तो नीट झाला तर गोदामावर नवं छत देतायत. गावाचं काम आहे."

"मग काढा की," मी म्हटलं. "पुतण्या आहे ना."

"मशीन चालू नाहीत." त्यांनी सुनेकडे बघितलं. "तुझं ते फुकटातलं परत टाकून दे. आणि उद्या थोडा वेळ बस तिथे. शिकणारी बाई म्हणून. पुतण्या शिकवेल, तू शिकशील. एवढंच दाखवायचंय. तक्रार मी मागे घेतो. लेखी देतो."

मी उठले. "बाहेर व्हा," म्हटलं. "माझ्या सुनेने जिवंत केलेल्या यंत्रावर तुमचा पुतण्या तिला शिकवणार? लाज म्हणून काही—"

"आई," सून म्हणाली.

मिस्त्री चौकीच्या बाकावरून उठल्यासारखे उठले. हल्ली ते घरातही तसेच उठत. "नको," ते म्हणाले. "माझ्यासाठी नको. बसीन मी चौकीत. सवय झाली."

तेच चुकलं त्यांचं. सवय झाली म्हणाले, ते त्यांनी म्हणायला नको होतं. सुनेने तेलाचे हात ओढणीला पुसले, पेनड्राइव्ह शोधला आणि चेअरमनना म्हणाली, "किल्ली द्या."

दुसऱ्या दिवशी मीही गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण मी गेले आणि दारात उभी राहिले. मिस्त्री बाहेर, खताच्या पोत्यांवर. सगळी यंत्रं सुरू होती. हिरव्या रंगावर पांढरी स्टिकरं, तळहाताएवढी. पडद्यांवर मराठी अक्षरं. मॅडम फोटोवाल्याला सांगत होत्या, "जुनी मशीन आणि मुक्त सॉफ्टवेअर. दोन्ही एका फ्रेममध्ये पाहिजे." खरंच आनंद झाला होता त्यांना. त्या सुनेला ओळखू शकल्या नाहीत. हौदावरच्या बाईचा चेहरा महिन्यात बदलतो.

पुतण्या इस्त्रीच्या शर्टात सुनेच्या खुर्चीमागे वाकून उभा. त्याने माऊसवरच्या तिच्या हातावर हात ठेवला. तिची बोटं सोललेली होती, ती दचकली. फोटोवाला म्हणाला, "छान. घाबरलेली चालेल." पडदा मधेच काळा झाला. पुतण्या चेअरमनकडे बघायला लागला. सुनेने दुसऱ्या हाताने दोन बटणं दाबली, पडदा आला, आणि तिने तो हात मांडीवर परत घेतला. कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं. तिला मिठी मारून तिथून उचलून न्यावं असं वाटलं. पाय उचलला नाही. बाहेर मिस्त्री बसले होते आणि चेअरमनच्या खिशात तक्रार मागे घेतल्याचा तो कागद होता.

मॅडमनी माईक तिच्यासमोर धरला. "ताई, याआधी कधी कॉम्प्युटर बघितला होता का?"

सुनेने चेअरमनकडे बघितलं. मग दाराकडे, माझ्याकडे. माझ्या मागे मिस्त्री उठून उभे राहिले होते.

"नाही," ती म्हणाली.

"थोडं मोठ्याने. आणि हसून सांगा," मॅडम प्रेमाने म्हणाल्या. "पुन्हा एकदा घेऊ."

सून हसली. दात दिसतील अशी हसली आणि मोठ्याने म्हणाली, "नाही मॅडम. कधीच नाही."

"कसं वाटतंय आता?"

"कंपनीचे उपकार आहेत," ती म्हणाली. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.